पाणी ज्याचे त्याच्या पाठीवर

हिवाळ्याची चाहूल लागली की पालकांकडून आम्हाला एक प्रश्न हमखास येतो. मुले डोंगरावर चला म्हणून मागे लागली आहेत, मुक्कामाची सोय नको, एका दिवसात जाऊन येता येईल असे ठिकाण सांगा आणि बरोबर काय काय घ्यायचे तेही सांगा. पहिल्या भागाचे उत्तर एका शब्दात देता येते. दुसऱ्या भागासाठी मात्र या महिन्याचे अख्खे पान लागणार आहे, कारण आमच्या अनुभवाने डोंगरावरचा दिवस चांगला जाणार की वाईट, हे आदल्या रात्री घरात सॅक भरतानाच ठरते.

ठिकाण म्हणाल तर कळसूबाई. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. अकोले तालुक्यातले बारी हे पायथ्याचे गाव. मुंबई-नाशिक महामार्गावरच्या घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याने तिथे जाता येते. बारीपासून शिखरापर्यंत एका बाजूने सुमारे साडेसहा किलोमीटर चाल आणि सुमारे ९०० मीटर चढ. वाटेत पायऱ्या आहेत, कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या आहेत, आधाराला कठडे आहेत. दोर लागत नाही, गिर्यारोहणाचे शिक्षण लागत नाही. एवढ्या उंचीवर हवा विरळ होण्याचा त्रासही होत नाही. दम लागतो तो चढाचा. तीन मीटरचा एक मजला धरला तर तीनशे मजले पायांनी चढायचे आणि त्याच दिवशी उतरायचे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

वेळेवरून पाण्याचा हिशोब

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधे सूत्र मांडले, ते आजही वापरात आहे. दर ५ किलोमीटर चालीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला वरती आणखी एक तास. आम्ही वर्गात मुलांना हेच गणित घालतो. साडेसहा किलोमीटरला एक तास अठरा मिनिटे, ९०० मीटर चढाला दीड तास, मिळून पावणेतीन तासांच्या थोडे वर. ही झाली झपाझप चालणाऱ्या, सवयीच्या माणसाची वेळ. घरातली माणसे, मुले, पहिल्यांदाच येणाऱ्या आया धरून दीडपट करा. म्हणजे चढायला सव्वाचार तास, उतरायला तीन तास आणि माथ्यावर पाऊण तास. आठ तास झाले.

बारीत फजरची नमाज अदा करून, नाश्ता उरकून साडेसहाला पाऊल उचलले तर पावणेअकराच्या सुमारास माथा, साडेअकराला परत आणि तीनच्या आत खाली. थंडीतला दिवस लहान, तरी तीन तासांचा उजेड हाताशी शिल्लक राहतो. ही शिल्लक फार मोलाची. पहाटे उठण्याची धास्ती आपल्या घरांना नसावी. जी मुले रमजानमध्ये सेहरीला उठतात ती सहलीला उठणार नाहीत, असे होत नाही.

आता याच वेळेवरून पाणी काढा. थंडीच्या दिवसांत चालण्याच्या दर तासाला मोठ्या माणसाला अर्धा लिटर पाणी लागते असे धरून चालावे. सात तासांची चाल म्हणजे साडेतीन लिटर. त्यातला अर्धा लिटर नाश्त्याबरोबर पायथ्याशीच पिऊन घ्यायचा आणि तीन लिटर पाठीवर. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दोन लिटर. आणि पाणी काही हलके होत नसते. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात कुणाला सूट नाही.

यातून एक चक्र तयार होते. ओझे कमी तर वेग बरा. वेग बरा तर वेळ कमी. वेळ कमी तर पाणी कमी लागते, म्हणजे ओझे आणखी कमी. एका दिवसात जाऊन येणाऱ्याने याच चक्राच्या बाजूने राहायचे. पण काटकसर करायची ती डब्यात, चटईत, चार्जरमध्ये. पाणी, एक गरम कपडा आणि विजेरी या तीन वस्तूंत काटकसर करणारा माणूस डोंगर ओळखत नाही.

आमचं पाणी पुढं गेलंय

दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही मुलांना घेऊन चढत होतो. एका शिडीच्या खाली एक बाई कातळाला टेकून बसल्या होत्या. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. आमच्या गटातल्या नव्हत्या. चेहरा पांढराफटक, एक पिंडरी दोन्ही हातांनी धरलेली. पायात गोळा आला होता.

“पाणी प्यालात का ताई?” आम्ही विचारले.

“आमचं पाणी पुढं गेलंय,” त्या म्हणाल्या. “दिराकडं आहे सगळं. तो म्हणाला, वहिनी, तुम्ही मोकळ्या हातानं चला.”

दीर तरणाबांड. सगळ्यांच्या बाटल्या त्याने आपल्या सॅकमध्ये घेतल्या होत्या आणि पाय जड झाले नाहीत तसा तो पुढे निघून गेला होता. फोन लावून पाहिला, रेंज नव्हती. मुलगी दीड तासापासून पाणी मागत होती, असे तिनेच आम्हाला सांगितले. आमच्या आठवीच्या एका मुलीने आपली बाटली काढून तिच्या हातात दिली. बाईंना आम्ही मीठ-साखरेचे पाणी घोट-घोट पाजले, पाय सरळ करून पिंडरी चोळली. अर्ध्या तासाने त्या उभ्या राहिल्या, पण वर जाण्याची ताकद राहिली नव्हती. आमच्यातले दोघे त्यांना घेऊन खाली वळले. थोड्या वेळाने दीर धापा टाकत वरून उतरताना भेटला. त्याच्या सॅकमध्ये सात बाटल्या होत्या. पाच भरलेल्या.

त्या मुलाला बोल लावावा असे आम्हाला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. त्याने घरच्यांचे ओझे प्रेमाने उचलले होते. पाणी पुरेसे होते, उलट जास्तच होते. फक्त ते तहानलेल्या माणसाजवळ नव्हते. डोंगरावर पाच-सहा जणांचे कुटुंब एकत्र निघते, पण एकत्र चालत नाही. पाऊण तासात त्याची माळ लांबते, पुढचा आणि मागचा यांच्यात दोन वळणे पडतात. म्हणून एकाच सॅकमध्ये सगळ्यांचे पाणी, एकाच सॅकमध्ये सगळ्यांचे खाणे, एकाच सॅकमध्ये सगळी औषधे अशी वाटणी करू नये. घरात ती सोयीची दिसते, डोंगरावर तीच अंगाशी येते. आमच्या गटात तेव्हापासून एकच नियम आहे. पाणी ज्याचे त्याच्या पाठीवर. आजोबांचे आजोबांच्या, नातवाचे नातवाच्या.

किती ओझे?

पालक लगेच म्हणतात, एवढ्याशा पोराच्या पाठीवर ओझे कसे द्यायचे? त्यासाठी आपल्याकडे तयार माप आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली ते दहावीच्या मुलांसाठी दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असे म्हटले आहे. तेच माप डोंगराला लावा. फक्त मुलांनाच नाही, मोठ्यांनाही.

चाळीस किलोच्या मुलाला चार किलोची मर्यादा. दोन लिटर पाणी दोन किलो, खाऊ ३५० ग्रॅम, स्वेटर ३०० ग्रॅम, विजेरी, शिट्टी आणि बारीकसारीक २०० ग्रॅम, रिकामी सॅक ४०० ग्रॅम. सव्वातीन किलो झाले, पाऊण किलो अजून हातात आहे. पंचवीस किलोच्या लहानग्याला अडीच किलोची मर्यादा. त्याच्या पाठीवर एकच लिटर द्या, त्याचा खाऊ आणि त्याचे स्वेटर द्या. दुसरा लिटर अब्बूंच्या किंवा मोठ्या भावाच्या सॅकमध्ये राहील, पण मग त्या मोठ्याने दिवसभर त्या लहानग्याच्या हाताच्या अंतरावर चालायचे. पाणी ज्याच्याकडे, तो पुढे जाणार नाही, ही अट.

पंचावन्न किलोच्या अम्मींची मर्यादा साडेपाच किलो. तीन लिटर पाणी, अर्धा किलो खाणे, ४०० ग्रॅमचे जर्किन, ४०० ग्रॅम किरकोळ सामान, अर्धा किलोची सॅक. पाच किलोच्या आत बसते. तराजू नसेल तर वजनकाट्यावर आधी आपण उभे राहावे, मग सॅक घेऊन उभे राहावे, फरक काढावा. चौथीतले मूल हे काम आनंदाने करते.

अम्मींची सॅक

आम्ही आदल्या संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांच्या सॅक तोलून पाहतो. पुरुषांच्या सॅक बहुधा हलक्या निघतात. मुलांच्या त्याहून हलक्या. जड निघते ती अम्मींची. गेल्या वर्षी एका अम्मींची सॅक अकरा किलो भरली. उघडली तर चार ताळ्यांचा स्टीलचा डबा, लोणच्याची बरणी, दोन लिटरचा चहाचा थर्मास, चटई, चार जणांचे टॉवेल, तिन्ही मुलांची स्वेटरे. पाण्याची बाटली एक लिटरची, तीसुद्धा बाहेरच्या कप्प्यात तिरकी.

“बाजी, हे सगळे कशाला?”

“पोरांना वर भूक लागली तर?”

“पोरांचा खाऊ पोरांच्या पाठीवर द्या ना.”

“ते विसरतात, सांडतात. माझ्याकडे असलेले बरे.”

आपल्या घरात हे नवीन नाही. अम्मी सहलीला निघतात तेव्हा स्वयंपाकघर त्यांच्याबरोबर निघते, आणि मग बाकीचे सहलीला जातात, अम्मी कामाला. सपाट बागेत हे खपून जाते. तीनशे मजले चढताना खपत नाही. अकरा किलो घेऊन चढणारी बाई पहिल्या तासातच मागे पडते, दुसऱ्या तासात ‘तुम्ही जा, मी इथेच बसते’ म्हणते, आणि घरी परतल्यावर सगळे म्हणतात, अम्मींना चढणे जमत नाही. जमत नव्हते ते त्यांना नाही, त्या डब्याला.

त्या संध्याकाळी व्हरांड्यात तिन्ही मुलांच्या सॅकमध्ये त्यांची त्यांची स्वेटरे आणि खाऊ गेला. डबा, थर्मास आणि चटई गाडीतच ठेवायची ठरली. बाजींच्या सॅकमध्ये त्यांचे तीन लिटर पाणी आले. थोरला मुलगा जरा कुरकुरला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजून पाच मिनिटांनी बाजी माथ्यावर होत्या. समोर अलंग, मदन, कुलंग, पलीकडे रतनगड आणि खाली भंडारदऱ्याचे पाणी. त्यांनी थोरल्याला जवळ बोलावून विचारले, “तुझं पाणी उरलंय का?” त्याने बाटली हलवून दाखवली. अर्धी होती. त्या म्हणाल्या, “मग उतरताना पुरव.” एवढेच.

खायला काय?

एका दिवसाच्या चढाईला दस्तरखान लागत नाही. दर पाऊण तासाला मूठभर, चालता-चालता खाता येईल असे काही पाहिजे. आपल्या घरात त्यासाठी सगळ्यांत चांगली वस्तू कायम असते, ती म्हणजे खजूर. शंभर ग्रॅम खजुरात पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, बी आधीच काढून ठेवले तर कचरा नाही, आणि उन्हाने बिघडत नाही. त्याच्या जोडीला भाजके शेंगदाणे आणि फुटाणे, गुळाची चिक्की, खारी बिस्किटे. माथ्यावरच्या पाऊण तासासाठी चपातीत गुंडाळलेली सुकी बटाट्याची भाजी, प्रत्येकाची वेगळी सुरळी, कागदात. उकडलेली अंडी पायथ्याच्या नाश्त्याला संपवा.

बिर्याणी न्यायची नाही, असे म्हटले की चेहरे पडतात. पण शिजवलेला भात आणि मटण कोमट डब्यात चार-सहा तास राहिले की बिघडायला लागते, आणि भरल्या पोटी उतरताना गुडघे बोलतात. बिर्याणी घरी राहू द्या. रात्री परत आल्यावर तिची चव दुप्पट लागते.

मीठ मात्र विसरू नका. घामाबरोबर पाणी जाते तसे मीठही जाते, आणि नुसते साधे पाणी पीत राहिल्याने ते भरून येत नाही. ओआरएसच्या पुड्या प्रत्येकी एक. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. यापेक्षा जास्त मीठ नको. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. तहानेची खूण म्हणजे कोरडा घसा, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याआधीच्या खुणा म्हणजे डोके दुखणे, विनाकारण चिडचिड आणि लघवीचा गडद रंग. मूल कुरकुरायला लागले की रागावण्याआधी त्याला पाणी पाजून पाहा.

सुट्टीच्या दिवशी वाटेत गावकरी लिंबू सरबत आणि चहा विकायला बसतात. जरूर घ्या, त्यांची दिवसभराची मेहनत असते. पण ते भेटतीलच असे धरून आपले पाणी कमी करू नका.

वुझूचा प्रश्नही बायका आवर्जून विचारतात. जवळचे पाणी पिण्यापुरतेच असेल तर तयम्मुमची मुभा शरियतने दिली आहे. पिण्याचे पाणी त्यासाठी संपवू नये.

अंगावर काय?

उंची १००० मीटर वाढली की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. बारीपेक्षा माथा पाच-सहा अंशांनी गार, शिवाय वारा. चढताना घाम येतो, स्वेटर नकोसे वाटते, आणि माथ्यावर ओला कुर्ता अंगाला चिकटून थंडी भरते. म्हणून स्वेटर सॅकच्या तळाशी नको, अगदी वर ठेवा. पोचल्यावर बसण्याआधी ते घालायचे.

बायका-मुलींसाठी शिड्या हा मुख्य विचार. पायघोळ कपडा शिडीच्या पायरीत अडकतो आणि मागच्याच्या पायाखाली येतो. गुडघ्याच्या खाली येणारा सैल कुर्ता, घोट्याशी आवळलेली सलवार किंवा ट्रॅकपँट आणि दोन्ही बाजूंना पिन लावलेला स्कार्फ हे सोयीचे. अबाया घालायचाच असेल तर घोट्याच्या वरपर्यंतचा, बाजूला चीर असलेला. ओढणीची टोके खोचलेली हवीत. हातात पिशवी, मोबाइल, पर्स काहीही नको. शिडीवर दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

बूट रबरी तळव्याचे, खाचा असलेले, आणि जुने. डोंगरासाठी नवे बूट घेतले असतील तर आधी पंधरा दिवस शाळेत आणि बाजारात घाला. पायांची नखे दोन दिवस आधी कापा. उतरताना बोटे बुटाच्या टोकाला आपटतात आणि वाढलेले नख निळे पडते. ही सूचना कुणालाच महत्त्वाची वाटत नाही, उतरताना मात्र सगळ्यांना आठवते.

बाकीचे थोडके

विजेरी प्रत्येकाची वेगळी. मोबाइलचा उजेड हिशोबात धरू नका, तो फोन करायला लागेल. सॅकच्या आत किराण्याची मोठी प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी लावा आणि सामान तिच्यात भरा. पाण्याच्या बाटल्या पाठीला लागून उभ्या ठेवा, म्हणजे वजन मागे ओढत नाही. दम्याचा पंप आणि रोजच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या खिशात, दुसऱ्याच्या सॅकमध्ये नाहीत. चिकटपट्टी, क्रेप बँडेज, जंतुनाशक मलम एवढे सगळ्यात मागे चालणाऱ्या मोठ्या माणसाकडे, कारण ज्याला लागते तो मागेच असतो. मुलांच्या गळ्यात शिट्टी. आमच्याकडे तीन शिट्ट्या म्हणजे सगळ्यांनी आहे तिथे थांबायचे. १०८ आणि ११२ हे क्रमांक मुलांना पाठ हवेत.

एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी. माथ्यावर कळसूबाई देवीचे छोटे मंदिर आहे, पायथ्याच्या गावांची तिच्यावर श्रद्धा आहे, नवरात्रात तिथे गर्दी होते. आपण तिथे पाहुणे. आपल्या घरी आलेल्या पाहुण्याने जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे तिथे वागावे आणि आपले सगळे कागद, बाटल्या खाली आणाव्यात.

शेवटची वस्तू वजनाने सगळ्यांत हलकी. एका चिठ्ठीवर परत फिरण्याची वेळ लिहा. आमच्या चिठ्ठीवर ‘१२ वाजता मागे’ असते. बाराला आपण जिथे असू, तिथून वळायचे, माथा समोर दहा मिनिटांवर दिसत असला तरी. ही वेळ आदल्या रात्री, सगळे ताजेतवाने आणि शांत असताना ठरवायची. दमलेल्या माणसाने शिडीखाली उभे राहून घेतलेला निर्णय फारसा कामाचा नसतो. चिठ्ठी प्रत्येकाच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटलीला रबराने बांधा, म्हणजे पाणी पिताना ती नजरेस पडेल. मुलांनाच लिहायला सांगा. त्यांनी स्वतः लिहिलेली वेळ ती मोठ्यांनाही मोडू देत नाहीत.